साबणाचे मालक

उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात कर भरून आनंदी होणारा माणूस एकच होऊन गेला, आणि ते माझ्या साबणाचे मालक होते. हे वाक्य वाचून कोणाला वाटेल की बाईंच्या लिहिण्यात मधला मजकूर गळला आहे. गळलेला नाही. मी याद्या करून जगणारी बाई आहे. माझ्या हातून सहसा काही गळत नाही. मधला मजकूर पुढे क्रमाने येईलच.

त्यांचे नाव मी लिहीत नाही. सारे गाव त्यांना साबणकाका म्हणे, मी नुसते काका म्हणे. माडासारखे उंच आणि माडासारखेच एका अंगाला कललेले. अंगात पितळी बटणांचा काळा कोट, पायांत काही नाही आणि हातात बारा महिने छत्री. पावसाळ्यात ती डोक्यावर असे. उरलेले आठ महिने तिचा उपयोग वस्तू दाखवण्याकडे होई. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. खाडीच्या उतारावर पोफळीचे लहानसे आगर, खाली भाताचे चार तुकडे, आणि एवढ्या जमिनीचा शेतसारा स्वतःच्या नावावर. या शेवटच्या गोष्टीचा त्यांना जो अभिमान होता तो लोकांना मुलगा वकील झाल्यावर होतो.

साऱ्याचा हप्ता भरायचा म्हणजे गावात सुतकी कळा येई. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तोही ऊन उतरल्यावर, माणसे चावडीकडे पाय ओढत जात. काका मुदत सुरू होण्याच्या दिवशी, सकाळी अंघोळ करून, धुतलेले धोतर नेसून आणि कोटाची सगळी बटणे लावून जात. एका वर्षी तर तलाठी अजून दात घासत होता. पैसे दिले, पावती घेतली, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"पोचलं का?"

"पोचलं, काका."

"कुठं पोचलं?"

यावर तलाठी दप्तर आवरू लागे. त्या काळी शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वेगळा घेत. त्या आण्यांतून, खाडी ओलांडणाऱ्या तरीच्या, म्हणजे होडीच्या, मक्त्यातून आणि वरून येणाऱ्या ग्रँटीतून लोकल बोर्ड शाळा, विहिरी, रस्ते आणि दवाखाने चालवी. एवढे तलाठ्यालाही ठाऊक होते. पण काकांना विचारायचे असे ते एवढेच की त्या सगळ्यात *माझा* आणा कुठला?

हे नक्की कळेपर्यंत त्यांनी सावधगिरी म्हणून बोर्डाच्या सगळ्याच वस्तू आपल्या मानल्या होत्या. गावात येणाऱ्या रस्त्यावरचे मैलाचे दगड ते पंचाने पुसत. एकाने बैल दगडाला बांधला, तर काकांनी बैल सोडून त्याच्या घरी नेऊन दिला आणि वर अर्धा तास बसून दगडाची तब्येत समजावून सांगितली. तरीच्या धक्क्यावर बसून ते होडीत चढणारी माणसे मोजत. एक माणूस जास्त झाला की छत्री आडवी. "उतर. ही तर बुडाली तर तुझं काय जातंय? तू पोहशील. तर माझी आहे." वरच्या वाडीतल्या आडाचा रहाट करकरला की घरून खोबरेल घेऊन येत. शाळेत मास्तरांचा दुपारी डोळा लागला होता, तर हे खिडकीतून छत्री आत घालून टेबलावर ठकठक करू लागले. "मास्तर, उठा. माझ्या आण्यात झोप धरलेली नाही." मास्तर भले माणूस. ते पुढे मला म्हणाले, "इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो हो. हा गृहस्थ रोज मासळी घ्यायला याच वाटेनं जातो!"

पण त्यांची खरी हौस वेगळी होती. बोर्डाचे अंदाजपत्रक छापून निघाले की आमच्या भागाच्या सभासदाकडून ते त्याची प्रत मागून आणत आणि फाल्गुनात, दुपारची जेवणे झाल्यावर, धर्मशाळेच्या ओट्यावर बसून पोथीसारखे मोठ्याने वाचत. रोज थोडे थोडे, सात दिवस. समोर नारळ ठेवलेला असे. पहिल्या वर्षी लोक थट्टा करायला आले, दुसऱ्या वर्षी वेळ घालवायला, आणि पुढे पुढे शेजारच्या पडवीत बायका तांदूळ निवडत बसू लागल्या. काका एकेक बाब वाचत आणि अर्थ सांगत. "विहिरी दुरुस्ती. म्हणजे वरच्या वाडीतला आड. म्हणजे तुझी कळशी गो, हसतेस काय?" "देवी टोचणे. म्हणजे या पोराच्या तोंडावर वण नाहीत ते." सातव्या दिवशी नारळ फोडून सगळ्यांना खोबरे वाटत. आकड्यांचा प्रसाद मी त्या ओट्याखेरीज कुठेही खाल्लेला नाही.

आता मी. नवरा गेला तेव्हा मी पंचविशीत होते. सासूबाई आणि एक मुलगी एवढी दोन माणसे माझ्यावर. मुंबईला जाऊन सुइणीचे शिक्षण घेतले, आणि बोर्डाने या गावच्या दवाखान्यात नेमले. मुलगी आजीजवळ रत्नागिरीत राही आणि शाळेत जाई. मी इकडून पैसे धाडी. दवाखाना म्हणजे जांभ्याची एक खोली आणि पुढे पडवी. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. माझी नेमणूक वर्षाच्या मंजुरीची होती. म्हणजे दर फाल्गुनात अंदाजपत्रकात माझी ओळ असली तर मी होते, नसली तर नव्हते.

पहिले सहा आठवडे मला कोणी बोलावलेच नाही. गावाला सुईण होती. सगळे तिला सुईणआजी म्हणत, आणि तिच्या हातावर अर्धे गाव जन्मलेले होते. मी रोज सकाळी पिशवी उघडून यादीप्रमाणे वस्तू मांडी, पुसे आणि परत भरी. कात्री, दोरा, कापूस, मलमलीच्या पट्ट्या, आयोडीन, थर्मामीटर, पाणी उकळायचे भांडे, एनिम्याचे भांडे, साबण. एका गुरुवारी दारात छत्री दिसली आणि मागून काका.

"बाई, साबण दाखवा."

"कसला साबण?"

"पिशवीतला. माझा आहे तो."

मी नवीन, त्यात विधवा, त्यात एकटी. मला वाटले वेडा माणूस आहे, आणि वेड्याशी वाद घालू नये म्हणून मी साबण काढून दिला. लाल कार्बोलिक वडी, अजून कोरी. त्यांनी ती उलटीपालटी केली, नाकाशी नेली, समाधानाने मान हलवली आणि मग खुलासा केला.

"कचेरीत विचारलं मी. म्हटलं, रावसाहेब, माझा आणा नक्की कशात जातो तेवढं सांगा, की मी घरी जातो. तीन वेळा हाकललान मला कारकुनानं. चौथ्या खेपेला सांगितलान, काका, तुमचा आणा नव्या नर्सबाईच्या पिशवीतल्या साबणात जातो."

मला कारकुनाचा चेहरा डोळ्यांपुढे दिसला. चार खेपा डोके खाल्ल्यावर कोणीही असेच काहीतरी सांगून सुटका करून घेईल. पण काकांच्या तोंडावर इतके समाधान होते की मला ते मोडवेना.

"पण हा तर वापरलेला दिसत नाही," ते म्हणाले.

"मला कोणी बोलावतच नाही, काका."

"म्हणजे माझा साबण कोरडा पडून आहे?"

"हो."

ते छत्री घेऊन उठले. त्या दिवसापासून पंधरा दिवस त्यांनी सगळ्या वाड्या पालथ्या घातल्या. दारोदार जाऊन, अंगणात उभे राहून, घरात कोणी गरोदर आहे काय याची चौकशी करायची आणि असेल तर सांगून ठेवायचे की दिवस भरले की साबण बोलवा. बाई बोलवा असे ते म्हणत नसत. ऐन उमेदीतल्या सुना लाजून घरात पळत आणि सासवा काठी शोधत. एकीने तर तोंडावर विचारले, "काका, स्वतःचं काय झाला नाय म्हणून आमच्यावर नजर काय?" काका शांतपणे म्हणाले, "माझं काय झालं नाही कारण साबण नव्हता." ती बाई आत जाऊन त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यांची बायको बाळंतपणात कशी गेली होती ते गावातल्या जुन्या माणसांना माहीत होते. मला ते दुसऱ्या दिवशी पडवीत कोणीतरी सांगितले, आणि त्यानंतर मला काकांचे हसू आले ते नेहमी थोडे अलीकडेच थांबले.

पहिले बोलावणे आले ते खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातून, एका तांडेलाच्या घरून. तांडेल बोटीवर गेलेला, बायको आदल्या दिवसापासून अडलेली. तर धक्क्याला लागली तेव्हा काका आधीच होडीत बसलेले होते. घराच्या दारात सुईणआजी कमरेवर हात देऊन उभी.

"ही कोन?"

"साबण आलाय," काका अंगणातून म्हणाले.

"माज्या हातावर अर्धा गाव झाला मेल्या, आनि माला साबन दाखवतोस?"

"बाईंना आत घे नायतर नको घेऊ, तो तुमचा दोघींचा प्रश्न. साबण मात्र आत गेलाच पाहिजे. कर भरलाय मी त्याचा."

आतून त्या पोरीची किंकाळी ऐकू आली. सुईणआजी बाजूला झाली. साबण आत गेला आणि साबणाबरोबर मीही गेले. नाळेचे दोन वेढे मुलाच्या मानेभोवती होते. ते सोडवताना पोरीचे खांदे सुईणआजीने धरले नसते तर माझे मला निभावले नसते. मूल रडले तेव्हा दुपार टळली होती. आजीने माझ्या हातांकडे पाहिले, आणि मग आपले दोन्ही हात पुढे केले. "दे हिकडं तो साबन. बघू तरी."

त्यानंतर आम्ही दोघी जोडीने जाऊ लागलो. तिला अडलेल्या बाईच्या पोटावरून हात फिरवूनच जे कळे ते मला पुस्तकातून कळायला वेळ लागे. माझ्या उकळलेल्या कात्रीवर तिचा विश्वास बसायलाही तेवढाच वेळ लागला. काकांचे येणे गुरुवारचे, बाजाराच्या दिवशी, ठरून गेले. वडी हातात घेत, मागच्या आठवड्याच्या मानाने किती झिजली ते दोऱ्याने मापत. चांगली झिजलेली असली तर खूष. झिजलेली नसली तर अख्ख्या गावावर रागवत. "या महिन्यात गावात कोणी बाळंत व्हायचंच नाही असं ठरवलंय काय?" बाळंतघरात कोणीही शिरू लागले की अंगणातून हाक येई, "आधी हात! फुकटचा नाही तो, माझा आहे. संकोच करू नका." गावचे खोत स्वतःची सून बाळंत होताना हात न धुता उंबरा ओलांडू लागले, तर काकांनी त्यांच्यापुढे छत्री आडवी केली. आठ वर्षांत बाळंतपणात दगावलेली बाई माझ्या यादीत एकही लागली नाही. हे श्रेय मी माझ्याकडे घेत नाही आणि सगळे साबणालाही देत नाही.

मग मंदीची वर्षे आली. भाताला भाव नाही, मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरी आटल्या, गिरण्यांतून माणसे परत येऊन घराच्या दगडी गडग्यावर बसू लागली. सारा वसूल होईना, काही ठिकाणी तहकूब झाला. आणि सारा थांबला की त्याच्या मागचा आणाही थांबला. बोर्डाने काटकसर काढली. त्या फाल्गुनात काकांनी अंदाजपत्रकाचा मसुदाच मिळवला होता. मी समोर दवाखान्याच्या पडवीत कापसाचे बोळे करत होते. तिसऱ्या दिवशी ते 'दवाखाने व आरोग्य' या सदरावर आले. डॉक्टर वाचले, औषधे वाचली. मग थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला.

"वाचा की काका," कोणीतरी म्हणाले.

"सुईण. हे पद कमी." त्यांनी कागदाची घडी घातली. "आज इथंच थांबू."

पडवीत तांदूळ निवडणारे हात थांबले. मी उठून आत गेले आणि मला सुचले ते केले, यादी करायला बसले. एक, सासूबाईंना त्यांच्या भाच्याकडे पोचवणे. दोन, मुलीचे नाव शाळेतून काढणे. तीन असे लिहिले आणि त्याच्यापुढे काही सुचेना. तेवढ्यात काका आत आले. कागदाकडे त्यांनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

"यादी करताय? बरं झालं. तुमच्या पिशवीतल्या वस्तूंची एक करून द्या मला. सगळ्या. खोलीतल्यासुद्धा."

मला वाटले, सामान बोर्डाला परत करायचे म्हणून मागतात. मी डोळे पुसून नीट अक्षरात यादी करून दिली.

चार दिवस ते दिसले नाहीत. पाचव्या दिवशी यादी परत आली ती प्रत्येक वस्तूपुढे एकेक घर लिहून. काकांनी साऱ्याची पावती असलेले घर न् घर गाठले होते आणि तुमचा आणा बाईंच्या कुठल्या वस्तूत जातो ते आता नक्की कळले आहे असे सांगून वस्तू वाटून दिल्या होत्या. कंदील वरच्या वाडीला. उकळायचे भांडे मास्तरांना. दाराची कडी सुताराला. कात्रीवरून दोन घरांत भांडण झाले आणि शेवटी ती तांडेलाच्या बायकोला मिळाली, कारण तिच्या मुलाची नाळ त्याच कात्रीने कापली होती. थर्मामीटर तलाठ्याने मागून घेतला. खोत उशिरा जागे झाले. ते आले तोवर यादीत एकच वस्तू शिल्लक होती.

"एनिम्याचं भांडं?" खोत म्हणाले.

"दुसरं काही उरलं नाही," काका म्हणाले. "आणि साऱ्यात तुमचा हिस्सा मोठा. तुम्हाला मोठंच भांडं हवं."

बोर्डाच्या बैठकीला आमचे गाव निघाले. कोणी गाडीने, कोणी पायी, मोहल्ल्यातली माणसे होडीने. बायका अशा ठिकाणी जात नसत, त्या दिवशी सात गेल्या. मी बोर्डाची नोकर, म्हणून आत बसता येईना. मी दाराशी उभी राहिले. अध्यक्ष वकील होते, माणूस वाईट नव्हता. आमच्या सदराशी ते आले आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाले की नाइलाज आहे, जमाच नाही तर खर्च कसला करायचा. काका उठले.

"अध्यक्षसाहेब, पद कमी करा. तुमचा अधिकार आहे. फक्त आमच्या वस्तू आम्हाला परत द्या."

"कसल्या वस्तू?"

काका खाली बसले. तांडेलाची बायको उठली. "कैची माजी हाय." बसली. सुतार उठला. "दाराची कडी." मास्तर उठले, कंदीलवाले उठले, कापूसवाले उठले. अध्यक्ष एकेकाकडे बघत राहिले. मग कोणी उठेना. काकांनी छत्रीने खोतांच्या पाठीला टोचले. खोत उठले आणि जरीच्या पागोट्याखालून काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने बोला," अध्यक्ष म्हणाले.

खोतांनी मोठ्याने सांगितले. सभासद पोट धरून हसले, अध्यक्षांनी तोंडाला रुमाल लावला, आणि मला वाटले की झाले, आता हसण्यावारी जाणार. तेवढ्यात अगदी मागून सुईणआजी उठली. ती बोलणार आहे हे काकांनाही माहीत नव्हते.

"माजी जमीन नाय," ती म्हणाली. "सारा नाय. म्हनून माला यादीत काय दिलान नाय यानं. पन तरीवर पैसा मोजते मी. न्हान होते तवापास्ना मोजते. तो पैसा तुमच्याकडंच येतो ना?"

"हो, तरीचे उत्पन्न बोर्डाचेच," अध्यक्ष म्हणाले.

"मग माज्या पैशात काय येतं?"

अध्यक्ष समोरचे कागद चाळू लागले.

"ह्यांनी समद्यांनी वस्तू वाटून घेतल्या. बाय कुनीच घेतली नाय. ती माजी. तेवडी माला द्या."

आठ वर्षांपूर्वी याच बाईने मला दारात अडवले होते.

यानंतर बोर्डाचे मन एकदम मोठे झाले असे मी लिहिले तर ते खोटे होईल. अध्यक्ष हसायचे थांबले होते एवढे खरे. ते म्हणाले, "आजी, पैसा कुठून तरी काढावा लागेल. एका खिशातला दुसऱ्या खिशात. तुमच्याच गावचा कुठला खर्च थांबवू, सांगा." सगळ्यांनी काकांकडे पाहिले. सगळे अंदाजपत्रक तोंडपाठ असलेला तिथे दुसरा कोणी नव्हता, सभासदांतसुद्धा. काका छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले.

"रस्त्याची खडी," ते शेवटी म्हणाले. "यंदा नको आमच्या रस्त्याला. पुढच्या वर्षीही नको."

ज्या रस्त्याचे दगड ते पंचाने पुसत तो रस्ता. माझा पगार थोडा कमी झाला, पद राहिले. मुलीचे नाव शाळेत राहिले. ती आज स्वतः मास्तरीण आहे.

रस्त्याचे मात्र दोन पावसाळ्यांत पार वाटोळे झाले. त्यावरून काका अनवाणी येत. ठेच लागली की थांबत, अंगठा धरत आणि सोबत असेल त्याला समाधानाने सांगत, "ही बाईंची." लोकही तसेच म्हणू लागले. गाडीचे चाक खड्ड्यात गेले की गाडीवान शिव्या देण्याऐवजी "बाईंचा खड्डा" म्हणे. कोणी राग धरला नाही.

बैठकीहून परतताना मोहल्ल्यातल्या माणसांच्या होडीत मी त्यांच्याशेजारी बसले होते. पाणी ओहोटीचे, ऊन कललेले. इतकी वर्षे न विचारलेले मी विचारले.

"काका, तुमचा आणा साबणातच जातो असं खरंच वाटतं तुम्हाला?"

ते पाण्याकडे बघत होते. आतापर्यंत ते मला अहोजाहो करत, बाई म्हणत. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, "गो बाय, तो कारकून तोंड फिरवून हसत होता ते दिसलं मला. तेव्हा डोळे चांगले होते माझे."

"मग?"

"मग काय? साबण बघायला कोणीतरी यायला हवंच होतं."

शेवटच्या आजारात डॉक्टरांबरोबर मी त्यांच्याकडे जाई. डोळे गेले होते, बोलणे थोडे उरले होते. त्यांना हात लावण्याआधी मी हात धुई, आणि वास आला की ते ओळखत. "माझाच ना?" एवढेच विचारत. मी म्हणे, "तुमचाच." त्या वर्षीचा सारा त्यांनी अंथरुणावरून, मुदतीच्या पहिल्या दिवशी धाडला. पावती घेऊन तलाठी स्वतः घरी आला आणि त्यांच्या कानाशी वाकून, न विचारताच म्हणाला, "काका, पोचलं. साबणात पोचलं." मी तलाठ्याची तेवढ्यासाठी जन्माची ऋणी आहे.

आता मला बोर्डाने तालुक्यातल्या सुइणींवर देखरेखीस नेमले आहे. त्या गावात नवी मुलगी आली आहे, हुशार आहे, हात हलका आहे. सुईणआजी आता तिला घेऊन फिरते. सामान तिच्या ताब्यात देताना मी जुनी यादी दिली, घरांच्या नावांसकट. तिने ती वाचली आणि विचारले, "बाई, हे साबणापुढचं घर कुठलं? आगर तर विकलेलं आहे म्हणतात. नाव खोडू का?"

मी म्हटले, राहू दे.

माझ्या फिरतीच्या वेळापत्रकात त्या गावचा दिवस मी गुरुवार धरला आहे. रस्त्याला खडी पडली आहे आता, चांगली दाबून पडली आहे. उगाच एखादी ठेच लागेल म्हणून मी खाली बघत चालते, पण लागत नाही. दवाखान्याच्या पडवीत चढते. ती मुलगी वह्या काढू लागते, आकडे दाखवू लागते. मी तिला म्हणते, ते नंतर. आधी साबण दाखव.